मोहाखाली टेकवलेली सायकल

आमच्या घरात भाऊ दोन आणि सायकल एक. डबलसीट बसलो की नदीकाठच्या गाडीवाटेवर मागचं चाक रुतायचं, म्हणून दादानं एक रीत काढली होती. एकानं सायकल घेऊन पुढे जायचं, मनाला येईल तिथं झाडाला टेकवायची आणि पायी चालू लागायचं. मागून चालत येणाऱ्यानं ती उचलायची, पहिल्याला मागे टाकायचं आणि पुढे कुठल्या तरी झाडाला टेकवायची. सुट्टीचा दिवस आम्ही पैनगंगेच्या काठानं असाच घालवायचो. भेट व्हायची ती फक्त ओलांडून जाताना. मी घंटी वाजवायचो, तो "हळू चालव बे" म्हणायचा, की झालं.

सहस्रकुंडाचा धबधबा गाठायचा आमचा बेत होता, तो कधी तडीला गेला नाही. अर्ध्या वाटेतच उन्हं कलायची. मी मुळातला चिडका, खापर दादावर फोडायचो. सायकल टेकवून तो बराच आधी पायी निघालेला असायला हवा, पण मी सायकल उचलली की हा आपला जवळच सापडायचा. "म्हाताऱ्यासारखा चालतोस," असं मी त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा.

पावसाळ्यात दादा विषमज्वरानं गेला.

पुढे दोन-तीन महिने सायकल ओसरीवर धूळ खात पडली. एक दिवस वडील म्हणाले, "ते सायकल आता पाह्यवत नाही मले. दारव्ह्याले मामाकडे धाडून देतो." मी हट्टाला पेटलो. तेव्हा ते म्हणाले, "एकटा जाऊन ये त्या धबधब्यापरेंत. जमलं त ठेव तुह्यापाशी. नाही जमलं त मामाची."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भल्या सकाळी निघालो. आईनं सवयीनं दोघांच्या भाकरी बांधल्या. मी ते फडकं हँडलला अडकवलं.

पाणी निवळून हिरवं झालं होतं. काठाला कहूची, म्हणजे अर्जुनाची, उंच पांढरी खोडं, शेतात कापूस फुटलेला. पलीकडचा, पूर्वी निजामाचा असलेला काठ नुकताच आमच्याच राज्यात आला होता, पण वडील अजून त्याला मोगलाईच म्हणत. तिकडे कोणी तरी कपडे धूत होतं, धोपटण्याचा आवाज पाण्यावरून उशिरा यायचा. सगळं होतं तसंच होतं, आणि मला त्याचाच राग येत होता. एकट्यानं सायकल चालवणं इतकं कंटाळवाणं असतं हे मला ठाऊक नव्हतं. उतरावर मी उगाच घंटी वाजवून पाहिली. पुढे कोणी नव्हतं.

एका वळणानंतर बंजाऱ्यांच्या तांड्याजवळचं मोहाचं मोठं झाड आलं. मी उतरलो, सायकल टेकवली, पायजमा झटकला आणि चालू लागलो.

पुष्कळ चाललो. त्या दिवसात पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं. हात मोकळे, ऊन कोवळं. कान मागे होते, आता घंटी वाजेल म्हणून. वाजेना, तेव्हा वैतागून म्हणालो, "काय गोगलगाय आहे हा!" आणि मागे वळून पाहिलं.

वाट रिकामी होती. सायकल घेऊन मागून कोणीच येणार नव्हतं. मी तिथंच धुळीत बसलो आणि मोठ्यानं रडलो. दादा गेला त्या दिवशीसुद्धा इतका रडलो नव्हतो.

मग सायकल आठवली आणि धावत सुटलो.

सायकल जागेवर होती. तिच्याशेजारी तांड्यातली एक म्हातारी गाई राखत बसली होती. दंडापर्यंत पांढऱ्या चुड्या, हातात काठी. येता-जाता तिला पाहिलेलं होतं. इकडे सगळेच तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

"तू काहून परत आला?" ती म्हणाली. "अन् थो मोठा कुठी हाय? मी त्याचीच वाट पाहून राह्यली. म्हटलं, सायकल सोडून जावं कसं."

"तो वारला याडी. पावसाळ्यात."

तिनं काठी खाली ठेवली. मग मोहाच्या एका मुळीवर हात ठेवून म्हणाली, "इथंच बसे. सायकल टेकवली का बसे. मी म्हनो, जा ना बापू, कायले बसला? त म्हने, लहाना दिसू दे. तू त्या वळनावर दिसला का मंग उठे अन् चालू लागे. दरखेपी."

मी त्या मुळीवर बसलो. तिथून वळण स्वच्छ दिसत होतं. भाकरी सोडल्या, एक याडीला दिली, एक मी खाल्ली. धबधब्यापर्यंत जायला दिवस पुरला असता, तरी मी सायकल घराकडे वळवली.

वडील ओसरीवरच होते. "पोचला का?"

"नाही."

मग मी त्यांना याडीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"तुले दिसे का थो? त्या वळनावरून?"

"नाही. मोहाखाली दाट सावली आहे."

वडील उठले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी सायकलची सीट पुसली, ती स्वतः आत नेली आणि माझ्या खाटेशेजारच्या भिंतीला टेकवली.