स्वस्त विजेची मशीन

मंडळी, आज दुपारी मी पोराशी खोटं बोलले. तुम्हाले सांगते, म्हणजे मन हलकं होईल.

पोरगा पुण्यात असतो. क्रिप्टोचे कॉइन काढणारी मशीन त्याले लावायची होती. ती वीज लय खाते, म्हणून त्यानं गावोगावचे विजेचे दर काढले. पुण्यापेक्षा आपलं रायपूर स्वस्त निघालं. मले वाटलं, पोट्टा आता घरी येऊन राहिला. पण कुरिअरनं आली ती मशीन. व्हिडिओ कॉलवर सांगत सांगत त्यानं ती माझ्याकडूनच त्याच्या खोलीत लावून घेतली.

दिवसभर घरघरते. हे वारल्यापासून घरात तेवढाच आवाज.

मशीन बंद पडली की त्याले मोबाईलवर कळते. मागे लाईट गेली तर दोन मिनिटांत फोन. एरवी पंधरा-पंधरा दिवस नाही.

आज ताट वाढून बसले, न् तशीच उठून मशीनचं बटन बंद केलं.

फोन आलाच. "मम्मी, मशीन बंद दिखा रही है. लाइट गई क्या?"

"हव रे, गेली." डोक्यावर पंखा फिरून राहिला होता.

"कब तक आएगी?"

"तू जेवला का?"

"हाँ. लाइट आए तो चालू कर देना."

तुमचे लेकरं काही काम नसताना फोन करतात का हो?

मशीन मी अजून चालू नाही केली. लाईट आली का, हे विचारायले तरी तो फोन करन.