गव्हाची ऊब

विमानतळाजवळच्या एअरोसिटी वसाहतीतल्या आमच्या घरमालकांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली भट्टी बसवली, ती त्यांच्या बायकोसाठी. सगळी गल्ली तिला बीजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. बीजींना जुना दमा होता. दिवाळीच्या सुमाराला आसपासच्या शेतांतून भाताचं काड जळायला लागलं की त्यांची छाती भरून यायची आणि पुढे थंडी सुरू झाली की ती मोकळी होतच नसे. विजेच्या हीटरने घसा कोरडा पडायचा, आणि कडाक्याच्या थंडीत वीजही हमखास जायची. घरमालक फौजेतून निवृत्त झालेले सरदारजी. स्वस्थ बसणारे नव्हेत. ते म्हणाले, शेतात जळून जे हिला छळतं तेच मी भट्टीत नीट जाळीन आणि हिला ऊब देईन.

त्यांच्या पुतण्याच्या गावी काड आणि नदीकाठचं उंच गवत दळून, दाबून करंगळीएवढ्या कांड्या करायचं यंत्र होतं. त्या कांड्या गोणीतून यायच्या. वरच्या पेटीत ओतल्या की मळसूत्राने थोड्या थोड्या आत सरकायच्या, पंखा वारा द्यायचा आणि धूर जवळजवळ दिसायचाच नाही. तापलेलं पाणी नळ्यांमधून खालच्या मजल्यावर त्यांच्याकडे आणि वर आमच्याकडे फिरायचं. आम्ही म्हणजे मी, माझी शाळेत जाणारी मुलगी आणि माझे वडील. नवरा हवाई दलात, त्याची बदली आसामला झालेली. मी इथे विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून मागे राहिले. आई गेल्यावर, भाऊ परभणीत असला तरी, अण्णांना मीच तिथून घेऊन आले. त्यांची पिठाची गिरणी होती. ती त्यांनी आईच्या आजारपणातच बंद केली होती.

अण्णांना इथे करमेल की नाही याची मला धास्ती होती. पण त्यांची आणि बीजींची गट्टी जमली. सकाळी धुकं विरलं की दोघं अंगणात खुर्च्या टाकून मटार सोलत बसायचे. बीजी पंजाबीत बोलायच्या, अण्णा आमच्याकडच्या हिंदीत. एकमेकांचं किती कळायचं देव जाणे, पण बोलणं तासभर चालायचं. धुक्यामुळे विमानं रखडली, की रस्त्यावर अडकलेल्या टॅक्स्या मोजायचा त्यांचा एक खेळही होता.

दुसऱ्या हिवाळ्यात डिसेंबरच्या अखेरीस दोन दिवस पाऊस लागला. शेडचा पत्रा एका बाजूने उडाला आणि कांड्यांच्या गोण्या भिजल्या. भिजलेली कांडी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. तो ना आत सरकतो, ना जळतो. गावचं यंत्रही तेव्हाच बंद पडलं होतं. सरदारजींनी दोन दिवस फोनाफोनी केली आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोतून गव्हाची पोती उतरवून घेतली. उघड्यावर भिजून काळा पडलेला, बुरशी लागलेला, पण पुन्हा वाळलेला गहू होता. परदेशात लोक भट्टीत मका आणि गहू सर्रास जाळतात, असं त्यांच्या मुलाने कॅनडातून सांगितलं होतं.

गहू सुरेख पेटला. मी विद्यापीठातून परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच खरपूस वास आला. कुणीतरी भाजणी भाजतंय असं वाटून मला एकदम भूक लागली. जिना चढताना कळलं की वास शेडमधून येतोय.

वर अण्णा गॅलरीत बसले होते. दोन स्वेटर, कानटोपी, वर माझी शाल. आत खोली छान उबदार होती. मी आत चला म्हटलं तर म्हणाले, इथंच बरं आहे. जेवायलाही ते स्वयंपाकघराच्या थंड फरशीवर बसले. मी समजावलं, की तो गहू कुजलेला आहे, माणसं सोडा, जनावरंही तो खाणार नाहीत.

"मग शेतात टाकावा, खत होईल," अण्णा म्हणाले. "ज्वारी-गव्हाचं पीठ अंगावर घेऊन मी जन्म काढला. आता त्याच्यावर हात शेकत बसू का?"

मी वाद घातला नाही. खाली एका बाईला श्वास घेता यावा म्हणून तो गहू जळत होता आणि वर माझा बाप कुडकुडत होता. दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. माझ्या मुलीला मात्र यातलं काही कळलं नाही. ती नळ्यांना पाठ लावून अभ्यास करायची आणि नानाजी बाहर क्यों बैठते हैं, असं मला पुन्हा पुन्हा विचारायची.

बीजींना ठाऊक नव्हतं. दम्याने आणि सततच्या सर्दीने त्यांची वास घेण्याची शक्ती केव्हाच गेली होती, आणि सरदारजींनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. बीजींनी कित्येक वर्षं गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटल्या होत्या. कणकेचा गोळा खाली पडला तर उचलून कपाळाला लावणारी बाई ती. त्यांनीच एका सकाळी अण्णांना विचारलं, की भाईसाब, घरात एवढी ऊब असताना तुम्ही गॅलरीत का बसता. अण्णांनी आधी टाळलं. बीजींनी पुन्हा विचारलं.

"गेहूं जलता उसमें," अण्णा म्हणाले. "मेरेको नहीं जमता वहां बैठना."

बीजी उठल्या, भिंत धरत शेडपर्यंत गेल्या आणि पेटीत हात घालून मूठभर गहू बाहेर काढला. तो ओढणीत बांधला. मग नवऱ्याला हाक मारून शांतपणे म्हणाल्या, "बंद कर दो जी."

सरदारजींनी किती विनवण्या केल्या ते आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होतं. बीजी ऐकेनात. मुलीकडे लुधियान्याला जायलाही तयार होईनात. भट्टी विझली. नळ्या गार पडल्या. बीजी रजयांमध्ये बसून राहिल्या, हीटर अधूनमधून चाले आणि आठवडा सरायच्या आत एका दुपारी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. सरदारजी आणि मी त्यांना गाडीत घातलं. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. मी काच खाली करून दुभाजक बघत होते आणि डावीकडे, उजवीकडे सांगत होते. मागच्या सीटवरून त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

बीजींना रुग्णालयात दाखल करून आम्ही परत आलो तेव्हा अण्णा जिन्याच्या पायरीवर बसलेले होते. सरदारजी त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज चढला नव्हता.

"आपने क्यों बताया, भाईसाब?"

"पूछा उन्होंने," अण्णा म्हणाले.

सरदारजी आत निघून गेले. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. मला म्हणाले, मी बोललो नसतो तर ती आज घरात मटार सोलत असती. मी म्हटलं, खोटं कसं बोलणार होतात.

बीजी वाचल्या. घरी आल्या तेव्हा सोबत ऑक्सिजनचं यंत्र होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की खोली थंड होता कामा नये. सरदारजींनी दूरच्या कुठल्यातरी गावाहून कोरड्या कांड्या मिळवल्या आणि भट्टी पुन्हा पेटवली. पण बीजींचा आता नवऱ्यावर विश्वास उरला नव्हता. त्या अण्णांना बोलावून घ्यायच्या आणि आत काय जळतंय ते बघून यायला सांगायच्या. अण्णा शेडमध्ये जायचे, तळहातावर चार कांड्या घेऊन यायचे, त्यांना दाखवायचे. मगच त्या डोळे मिटून पडायच्या.

जानेवारीच्या अखेरीस सगळ्यात वाईट धुकं पडलं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी अण्णा शेडमधून आले आणि मी पाहिलं, की त्यांची मूठ बंद आहे. मी बीजींना सूप द्यायला खाली गेले होते. बीजींनी नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत विचारलं, "घास है ना, भाईसाब?"

"घासच है," अण्णा म्हणाले. "एकदम सूखी."

बीजींनी मान हलवली. दाराशी सरदारजी उभे होते. त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि नजर खाली केली. कांड्या पुरवून वापरायच्या म्हणून ते दोन दिवसांपासून पेटीत गहू मिसळत होते.

वर आल्यावर अण्णांनी मूठ खिडकीत रिकामी केली. काळपट दाणे होते, मोजकेच. ते तिथेच सोडून त्यांनी साबण लावून बराच वेळ हात धुतले. मग येऊन पहिल्यांदाच नळ्यांजवळच्या खुर्चीत बसले. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "उद्या पुन्हा विचारील, नाही?"

बीजींनी रोज विचारलं. कोरड्या कांड्यांची दुसरी खेप येईपर्यंत अण्णा रोज तेच उत्तर देत राहिले. पुढे ऊन तापू लागलं, भट्टी बंद झाली, बीजी पुन्हा अंगणात येऊन बसायला लागल्या. अण्णांनी मात्र गुडघ्यांचं निमित्त केलं आणि खाली जायचं टाळलं. होळीनंतर ते म्हणाले, मला परभणीला सोडून ये. भाऊ तिथे होताच, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. निघताना सरदारजींनी त्यांची बॅग गाडीपर्यंत नेली. दोघांनी हात जोडले. बीजी मात्र रडल्या आणि पुढच्या थंडीत नक्की या म्हणाल्या.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे. शेडचा पत्रा नवा बसवलाय, आत कांड्यांच्या गोण्या छतापर्यंत रचल्यात. बीजी जिन्यात भेटल्या की भाईसाब कब आ रहे हैं, एवढंच विचारतात. काल अण्णांशी फोनवर बोलताना मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं, बीजींची धाप कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे, चालता येतं. ते बरं म्हणाले आणि फोन भावाच्या हातात दिला.