काचेवरची डबल बेल

माईकला आधी एक फुंकर, मग घसा खाकरणं, आणि मग सगळ्या धुळे बसस्थानकात घुमायचं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." त्या फलाटांवर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर भाऊंचा आवाज ऐकलाच असेल. मी तिथलाच कंडक्टर, आणि आमच्या घरातला पहिला बी.ए. हे मी छाती काढून सांगतो. भाऊ हाकच मारायचे, "काय पदवीधर?"

त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. समजून घ्यायला म्हणून वहिनींनी मला सोबत नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, भाऊंच्याच मूळ पेशी काढून ठेवायच्या, जोरदार औषधाने हाडांतला मगज रिकामा करायचा, मग पेशी परत सोडायच्या. उलट्या होतील, जुलाब लागतील, तोंड येईल, केस जातील. मी एकेक करून भाऊंना सांगितलं.

"म्हंजे टाइमटेबल शे," भाऊ म्हणाले.

त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. मध्ये काच, बोलायला फोन. औषध सुरू झालं त्याच संध्याकाळी फोनवर खाकरणं ऐकू आलं. "उलटीची गाडी वेळेपूर्वी आलेली आहे." एवढं बोलून ते बादलीवर वाकले. सिस्टर हसत हसत त्यांची पाठ चोळत होती. जुलाब लागले तेव्हा जाहीर झालं, "ही गाडी विनाथांबा आहे."

पेशी सोडल्या, आणि काही दिवसांत तोंड आलं. जिभेपासून घशापर्यंत फोड. घोटभर पाणी गिळतानाही डोळे भरायचे. आवाज बंद. भाऊंना गप्प मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मी घाबरलो. पेशी रुजल्या नाहीत तर साध्या तापाशी लढायलाही अंगात काही उरणार नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, "वाट पाहू."

मी फोनवर विचारलं, "भाऊ, सोसवतंय ना?"

त्यांनी फोन खाली ठेवला आणि बोटाने काचेवर टक् टक् केलं. काहीतरी हवंय असं वाटून वहिनी सिस्टरला बोलवायला धावल्या.

"वहिनी, थांबा," मी म्हणालो. "एक बेल म्हणजे गाडी थांबवा. दोन म्हणजे जाऊ द्या."

मग आम्ही रोज तेवढंच विचारायचो. उशीवर केसांचे पुंजके पडले त्या दिवशीही काचेवर दोनच वाजल्या.

एका सकाळी डॉक्टर हसतच आले. पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. नव्या पेशी रुजल्या होत्या! तोंडातले फोडही भरत आले, आणि फोनवर घोगरा आवाज आला, "पातळ वरण कर वं. भूक लागनी." इतके दिवस न रडलेल्या वहिनी तिथेच फरशीवर बसून रडल्या.

भाऊ आता निवृत्त होऊन धरणगावला राहतात. स्टँडवर दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असतो. परवा त्यांच्या घरी गेलो. भाऊंचे सरळ केस गेले ते गेलेच, नवे आलेत ते चक्क कुरळे.

"हाऊ कोन ऊना मना घरमा?" घरात कुणी परकाच आल्यासारखं वहिनी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

भाऊ आरशासमोर कंगवा घेऊन उभे होते. भांग काही केल्या पडत नव्हता, आणि त्यांना घाई कसलीच नव्हती.