तिसरी हाक

जंगलात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच बोलायचं. रामटेककडच्या माझ्या आईच्या माहेरी हे लहानपणीच शिकवतात. जे माणूस नाही, त्याला तिसरी हाक मारता येत नाही म्हणे. मी रामदासपेठेतल्या एका ऑफिसात दिवसभर कम्प्युटरसमोर बसणारी बाई. असल्या गोष्टींना हसायचे आणि आई मला ‘जास्त शहाणी’ म्हणायची.

बाबा दर हिवाळ्यात मित्रांबरोबर सातपुड्यातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचे. आईला कधीच नेलं नाही. “अवं, पुढच्या वर्षी तुले नेतो,” एवढं मात्र न चुकता म्हणायचे. मग ते गेले आणि ते पुढचं वर्षही त्यांच्याबरोबर गेलं. मला त्यांचा अजून राग येतो. शेवटी गेल्या हिवाळ्यात मीच आईला म्हटलं, चल, तुझ्या नवऱ्याचं जंगल दाखवते.

सकाळी जिप्सीतून फिरलो, रानगवे पाहिले. आईला त्यांचं फारसं कौतुक वाटलं नाही. दुपारी एका गाइडबरोबर डोंगरातल्या पायवाटेनं निघालो. साडीखाली माझे जुने बूट घालून आई चालत होती. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती, बाकी कसलाच आवाज नव्हता. मधूनच ती थांबायची, एखाद्या झाडाला हात लावायची आणि पुढे व्हायची. बाबांनी इथे हात लावला असेल का, हे ती शोधत होती बहुतेक. मी विचारलं नाही.

वाट एका कड्यापाशी आली. गाइड मला खालची दरी दाखवत होता आणि मी फोटो काढत होते. वळून पाहिलं तर आई नाही.

माझी पाचावर धारण बसली. “आई,” मी ओरडले. दरीतून माझाच आवाज परत आला. पुन्हा ओरडले. तेवढ्यात गाइडनं मला थांबवलं. “मॅडम, आवाज नका करू. या नाल्यात अस्वल राहते.”

आम्ही मुकाट्यानं आल्या वाटेनं परत निघालो. तो झाडीत बघत होता, मी कड्याच्या बाजूला. खाली बघायचा धीर होत नव्हता आणि न बघून चालणार नव्हतं. मला मागे कुणाची तरी पावलं ऐकू येत होती. मी थांबले की तीही थांबत. गाइडला काही ऐकू येत नव्हतं. माझ्याच पायांचा आवाज असेल, असं मनाला सांगितलं, पण पटलं नाही.

मग एकदम लक्षात आलं. आईनं माझ्या दोन्ही हाका ऐकल्या असणार. ती तिसरीसाठी थांबली असणार. मी गाइडकडे पाहिलंच नाही आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली.

“ओ,” अगदी जवळून आवाज आला.

बांबूच्या बेटामागे एका दगडावर ती बसली होती. वाटेकडे पाठ आणि दरीकडे तोंड. पुढे काही पावलांवर जमीनच संपत होती.

“इकडं काहून आली वं? मी मरून राहिली ना तिकडं,” मी तिचं मनगट घट्ट धरलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “तुह्या बाबांनी हाक मारली. अवं म्हणून. म्हणून इथवर आली. मंग अजून एकदा मारली, तिथून, खालून.”

“आणि माझी हाक?”

“तू बी दोनदा मारली. मंग काय, बसून राहिली. ज्याची तिसरी पयले येईन त्याच्याकडं जायचं.”

तेवढ्यात खालच्या उतारावर वाळक्या पानांत काहीतरी चाललं आणि थांबलं. अस्वल असेल, गाइड हळूच म्हणाला. आईनं पदर डोक्यावर घेतला.

मला भुताची भीती वाटली नाही, खरं सांगते. मला भीती वाटली ती तिच्या तयारीची. आयुष्यभर ज्यानं हिला घरी ठेवलं, त्याच्या एका हाकेवर ही उठून निघाली असती, कड्यावरून. मी तिला ओढतच वाटेवर आणलं. माझी हाक आधी पोचली होती, आई माझ्या हातात होती, आता तरी ती दोन शब्द बरे बोलेल असं मला वाटत होतं.

बरंच अंतर ती नुसती मागे वळून बघत राहिली. जिप्सी दिसायला लागली तेव्हा म्हणाली. आवाजात राग नव्हता. डोळ्यांदेखत बस सुटलेल्या माणसासारखी म्हणाली,

“जराशी थांबाले पायजे होतं तू.”