आखातापलीकडची हाक

सिनाईच्या डोंगरात बकऱ्या राखणाऱ्या फ्रेजाला आखाताचा पलीकडचा किनारा रोज दिसायचा. तिथल्या निळ्या डोंगरांत तिची थोरली बहीण सबहा नांदत होती. लग्न होऊन गेली ती गेलीच. मध्ये समुद्र, सरहद्द आणि दोघींचीही पोरंबाळं.

मग दोन्हीकडच्या बेदुइन टोळ्यांनी मिळून आपली जुनी वाट डोंगर चालायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोकळी केली. सिनाईतून किनाऱ्यापर्यंत, तिथून बोटीनं पार, पुढे जॉर्डनचे डोंगर. पहिलीच तुकडी कैरोच्या बायकांची, आणि त्यांना वाट दाखवायला बाईच हवी होती. फ्रेजा उठून उभी राहिली.

दीर अव्वाद चहा ओतता ओतता म्हणाला, "वहिनी, डोंगरात तू वाघीण. समुद्रावर कुठल्या बकरीची शेपटी धरशील?"

"तुझी दाढी धरते, चल बरोबर!"

बोट हलली तशी तिनं कठडा घट्ट धरला. मग मागे पाहिलं, तर तिचेच डोंगर निळे झालेले!

"अगं बाई, लांबून आपणही असेच दिसतो?" कठडा सोडून ती हसत सुटली.

पलीकडे पहिल्या खिंडीत तिकडचा वाटाड्या येऊन तुकडी ताब्यात घेणार होता आणि फ्रेजा माघारी फिरणार होती. पण खिंडीत कुणीच नव्हतं. बायका कुरकुरू लागल्या. फ्रेजानं तोंडाशी हात धरून आपल्या आईची बकऱ्यांना बोलवायची हाक घातली.

प्रतिध्वनी आला, विरला. आणि मग वरच्या कड्यावरून तीच हाक पुन्हा आली.

फ्रेजानं वर पाहिलं. काठी टेकत एक दांडगी बाई दगडांवरून घसरतच खाली आली.

"कोण गं ती, माझ्या आईची हाक चोरणारी?"

"ताई, मी फ्रेजा!"

दोघी रडल्या, हसल्या, एकमेकींना गदगदा हलवत राहिल्या.

"किती वाळलीस गं!"

"आणि तू? अख्खा उंट खातेस काय?"

वाटाड्या सबहाचा पुतण्या निघाला. त्याचा पाय मुरगळला, म्हणून त्याच्या जागी ही काकू आली. "तू येणार हे कुणी बोललं नाही मेलं!" सबहा म्हणाली.

कैरोच्या नेव्हीननं हळूच विचारलं, "फ्रेजा, तुम्हाला इथून परतायचं होतं ना?"

"बहीण पुढे चाललीय आणि मी मागे फिरू?" फ्रेजानं ओढणी कमरेला खोचली.

वाट एका बकरीपुरती. तरी दोघी शेजारीशेजारी, कोपरानं एकमेकींना ढकलत, जवळजवळ पळतच सुटल्या. मागून बायका ओरडत होत्या, "अहो, थांबा!" मुक्कामावर त्या इतक्या लवकर पोचल्या, की तिथं अजून चूलसुद्धा पेटली नव्हती.