एकाच चाकाची खूण

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका उतारावर उलटलेला ट्रॅक्टर मात्र तसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो. त्या प्रकरणात ना चोर होता ना हत्यार. नावं सांगणार नाही, त्या घरानं पुरेसं सोसलं आहे.

तेव्हा मी पारनेरकडच्या डोंगराळ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती, तेवढ्यात एका वस्तीवरून खबर आली. कांद्याची ट्रॉली घेऊन उतरणारा ट्रॅक्टर वळणावर उलटला होता आणि त्याखाली सापडून घरातले आजोबा जागीच गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा कांदे खाली ओढ्यापर्यंत पसरले होते. आजोबांचा मुलगा आपणहून पुढे आला.

"साहेब, मीच चालवीत हुतो. आबा मडगार्डवर बसले हुते. चूक माझीच हाय."

इतकं सरळ कबूल करणारा माणूस पोलिसाला फार आवडतो आणि म्हणूनच त्याच्यापासून जरा जपून राहावं लागतं. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. रस्ता मुरमाचा होता. त्यावर घसरल्याचा लांबलचक ओरखडा होता, पण एकाच चाकाचा, उजव्या. डावं चाक फिरतच गेलं होतं. हवालदाराला त्याचे फोटो काढायला सांगितलं. ट्रॅक्टर सरळ करून ठाण्याच्या आवारात आणून लावला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. "म्हाताऱ्याला सुनेनं मारलं. ट्रॅक्टर तीच चालवीत हुती. दोघांचं पटत न्हवतं. नवरा पांघरून घालतोय." नाव विचारलं तर फोन बंद. निनावी फोनात बहुतेक वेळा अर्धं खरं असतं आणि अर्धी जळजळ असते. कोणतं अर्धं कोणतं, हे शोधण्यासाठीच सरकार आम्हाला पगार देतं.

हवालदार वस्तीवर जाऊन आला. मोठा चौकस माणूस, चहा नको म्हणता म्हणता दोनदा घेऊन यायचा. म्हणाला, "साहेब, सासू सुनेच्या हातचं पाणी घेत नाही. सून गोठ्याच्या कडेला बसून असते, तिच्याशी कोणी बोलत नाही."

ट्रॅक्टर मुलानं उलटवला, तर राग सुनेवर कशाला?

मी मुलाला ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. आरडाओरडा करून माणूस बोलतो ही समजूत सिनेमावाल्यांची आहे.

ट्रॅक्टरबद्दल थोडं सांगायला हवं. त्याला मागच्या दोन चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक असतात, दोन्ही उजव्या पायाशी, शेजारी शेजारी. शेतात वळताना एकच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर, आणि उतारावर तर हमखास, ती दोन्ही पेडलं एका खटक्यानं जोडायची असतात. खटका नसेल आणि पाय एकावरच पडला, तर एक चाक थांबतं, दुसरं चालत राहतं. मागे भरलेली ट्रॉली रेटत असेल तर पुढचं कोणालाही कळेल.

"खटका लावला होतास?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. आमी खटका कधीच लावत न्हाई. सारखं शेतात वळायचं, कोन काढ-घाल करीत बसनार? आनि मला गरजच न्हाई." त्यानं पाय पुढे केला. भाकरीसारखा रुंद पाय होता. "बगा की, दोन्हीवर बसतो."

मी त्याला आवारात नेलं, ट्रॅक्टरवर बसवलं आणि ब्रेक दाबायला सांगितलं. त्यानं नेहमीच्या सवयीनं पाय टाकला. दोन्ही पेडलं एकदम खाली गेली.

"मग रस्त्यावर दोन्ही चाकांची खूण हवी होती," मी म्हणालो. "तिथं एकाच चाकाची आहे. तो पाय तुझा नव्हता."

त्याची मान खाली गेली. तो पायाकडे बघत राहिला, मग पेडलांकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"साहेब, खटका लावलेला असता तर?"

"दोन्ही चाकं एकदम थांबली असती. ट्रॅक्टर बहुतेक फिरला नसता."

तो खाली उतरला आणि टायरला टेकून मातीतच बसला. "मंग आबाला मी मारलं व्हय?"

मला त्याच्याकडे बघवेना. बायकोला वाचवायला खोटं बोललेल्या माणसाच्या हाती मी ही गोष्ट दिली होती. तपास बरोबर झाला होता आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

सुनेचा जबाब महिला पोलिसाच्या समक्ष घेतला. बारीक चणीची, लहान पायांची बाई. "आबाच म्हनले, चालीव तू, मी हाय ना शेजारी. लई हौस त्यांला माझ्या ट्रॅक्टर चालवन्याची. लहान गिअरमधीच उतरत हुते. वळनावर ट्रॉली मागनं रेटाया लागली म्हून ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडं फिरला. ती पेडलं जोडायची असत्यात, ह्येच मला ठाव न्हवतं." मग फार हळू म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात, माझा नवरा न्हेला हिनं. खरंच हाय की."

दोघांचं पटत नव्हतं, ही त्या फोनातली जळजळ होती. चालवत तीच होती, एवढं खरं होतं.

कायद्याला चालक कोण एवढंच दिसतं. परवाना नव्हता, दोषारोपपत्र तिच्या नावानं गेलं. ट्रॅक्टर नवऱ्याच्या नावावर होता, परवाना नसताना तिला चालवू दिला म्हणून त्याचंही नाव आलं. खटक्याची आणि एका चाकाच्या खुणेची हकीकत मी कागदांत सविस्तर मांडली. मृत्यूच्या आरोपातून न्यायालयानं पुढे तिला निर्दोष सोडलं. पण तिला खरी शिक्षा घरात चालू होती आणि ती कमी करणं कोणत्याच कलमात बसत नव्हतं. मी मुलाला एवढंच म्हणालो, "खटक्याचं मला जे सांगितलंस ते आईला सांग. माझ्यादेखत नको, तूच सांग."

त्यानंतर अपघाताच्या तपासात मी एक प्रश्न वाढवला. त्या दिवशी कोण चालवत होतं याच्याबरोबर, हे वाहन रोज कोण चालवतं आणि कसं, हेही विचारू लागलो. एकाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते, हे मला त्या रुंद पायानं शिकवलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. कांदा काढणी चालू होती. त्याच उताराच्या माथ्यावर भरलेली ट्रॉली उभी होती आणि स्टिअरिंगवर सून. आता परवाना होता, तिनं मला हसून सांगितलं. मडगार्डवर कोणी नव्हतं. सासू चालत आली, उजव्या बाजूला वाकली आणि दोन पेडलांमधला खटका स्वतःच्या हातानं लावला. हातानं दाबून पाहिला. मग रस्त्याच्या कडेला झाली.

"हं, चल आता पोरी," ती म्हणाली. "मी येते मागनं चालत."