थर काढायचा नाही

ब्रश धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. भिंतीची ओल तळहाताने नाही, हाताच्या पाठीने पाहायची. कुणाकडेही गेलं की चहाआधी छताचे कोपरे न्याहाळायचे. कुणी नवशिका दिसला की म्हणायचं, "अजून प्रायमरच झालाय, रंग बाकी आहे." आणि जुना थर खरवडून काढल्याशिवाय नव्याला हात घालायचा नाही, कुणी कितीही घाई करो.

या माझ्या मित्राच्या सवयी. तो घरं रंगवतो. सगळे त्याला पुट्टी म्हणतात, बायकोसुद्धा. मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या आठवड्यात जे पाहिलं, त्यातून अजून सावरलेलो नाही.

त्याची मुलगी सात महिन्यांची. घरात तिला बाईसाहेब म्हणतात. बायकोची रजा संपली, ती पोस्टात परत रुजू झाली. पुट्टीने जाहीर केलं, "दोन महिने कामं बंद. पोरगी मी सांभाळणार. मधल्या वेळात आपलीच भिंत करून टाकतो." बाहेरच्या खोलीची भिंत त्याने खरवडायला घेतलीही.

तिसऱ्या दिवशी डायपरखाली बाईसाहेबांचं बूड लाल झालं.

बुधवारी सासूबाई आल्या. त्यांनी डायपर सोडलं. चष्मा पुसून परत पाहिलं.

"जावईबापू, रंग भिंतीला द्यायचा असतो."

"आई, दोन दिवसांत उतरेल."

"रविवारी येते. असंच लाल दिसलं तर पोर माझ्याकडे राहील. तुम्ही खुशाल भिंती करा."

त्या गेल्या. पुट्टी खिडकीशी उभा राहिला. "दोन महिने तिकडे राहिली ना, तर परत आल्यावर मला बघून रडेल रे," तो म्हणाला.

त्याने औषधाच्या दुकानातून पांढरं जाड मलम आणलं. पत्रक माझ्या हातात दिलं. "वाच. एवढं शिकलायस तर उपयोग होऊ दे."

"जाड थर लावावा," मी वाचलं.

"किती जाड?"

"लिहिलेलं नाही."

"आणि म्हणे कंपनी!"

दर वेळी डायपर बदलताना तो बाईसाहेबांना पालथं घाली आणि ओल्या कापसाने आधीचं मलम काढी. सगळं. कणसुद्धा ठेवत नसे. बाईसाहेब घर डोक्यावर घेत. पुट्टीच्या कपाळावर घाम येई, पण हात थांबत नसे. "पाया साफ नसेल तर माल धरत नाही बाळा," तो तिला समजावी. मग नवा थर. आधी उभा, मग आडवा.

शुक्रवारी सकाळी बूड टोमॅटोसारखं झालं होतं.

"माल खराब आहे," पुट्टी म्हणाला. आवाज मात्र त्याचा नव्हता. आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी तपासलं. मांड्यांच्या घड्या उघडून पाहिल्या. "बुरशी नाही दिसत. काय लावता?"

पुट्टीने मलम दाखवलं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. कसं लावता?"

त्याने सांगितलं. अभिमानाने, हातवारे करून. डॉक्टरबाईंचं पेन हळूहळू खाली आलं.

"तुमचा धंदा काय?"

"रंगकाम."

"पॉलिश पेपर नाही ना वापरलात?"

पुट्टी दुखावला. "कापूस होता, बाई."

"अहो, मलम खरवडून काढायचं नसतं. घाण तेवढी कोमट पाण्याने धुवायची, खाली राहिलेला पांढरा थर तसाच ठेवायचा. घासताय म्हणून सोलवटतंय. धुतलं की कापडाने टिपायचं. पूर्ण कोरडं झालं की वरून मलम लावा. दिवसातून चार-पाच वेळा थोडा वेळ उघडं ठेवा. डायपर एक माप मोठं घ्या, दोन-तीन तासांनी बदला, शी केली की लगेच. पावडर नको, वासाचे ओले रुमाल नकोत. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, पुरळ किंवा फोड आले, ताप आला, तर परत या."

बाहेर येऊन पुट्टी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला. "जुन्यावर नवा," तो पुटपुटला. "माझ्या उस्तादाने ऐकलं तर मला चपलेने मारेल."

पण डॉक्टरबाईंचं त्याने ऐकलं. कोरडं झालं की नाही ते हाताच्या पाठीने पाहू लागला. बदलायच्या वेळा खरवडलेल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिल्या. फरशीवर प्लॅस्टिक, त्यावर दुपटं, त्यावर उघड्या बाईसाहेब. शनिवारी त्यांनी माझ्या पॅंटवर नेम धरला. "ही पण ओल," पुट्टी म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो हसला.

रविवारी सासूबाई पिशवी घेऊनच आल्या. पोरीचे कपडे भरायला. त्यांनी डायपर सोडलं. आत नुसतं पांढरंशुभ्र.

"हे पुसा. खालचं दिसू दे."

"नाही, आई. थर काढायचा नाही."

"मग मला कळणार कसं?"

"कळणार नाही. पण काढायचा नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय."

पुट्टीची बायको एकदा आईकडे बघे, एकदा नवऱ्याकडे. पुट्टीने दोन्ही हात मागे बांधले होते. मला वाटलं, गेली पोरगी.

तेवढ्यात बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला. मुठी आवळल्या गेल्या. खोलीतल्या सगळ्यांना वासावरून निर्णय कळला.

पुट्टी पाणी घेऊन आला. हळूहळू धुतलं, टिपलं. घाणीबरोबर मलमही बरंच निघून गेलं होतं. खालची कातडी गुलाबी होती. फक्त गुलाबी. बाईसाहेब रडल्या नाहीत. बापाचं बोट तोंडात घालून चोखत राहिल्या.

सासूबाईंनी चष्मा काढला. पिशवीची घडी केली. मग खोलीभर नजर फिरवली.

"आणि ही भिंत काय अशीच ठेवणार, जावईबापू?"

"आत्ता करतो, आई."

बाईसाहेब आत निजल्यावर त्याने प्रायमर ढवळला, ब्रश बुडवला, खिडकीच्या वरचा कोपरा केला. हातभर. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे गेलं. डायपर बदलायची पुढची वेळ झाली होती. त्याने ब्रश डब्यावर आडवा टाकला आणि आत पळाला.

आज गुरुवार. भिंत तेवढीच झालीय. ब्रश तिथेच आहे, लाकडासारखा कडक.